उसळी, किलोमीटर चौदा

मागच्या आसावर आठ हजार एकशे सत्तर किलो,
जिनिंगच्या काट्यावर तोलून आणलेली वाळूची पोती.
हनीफ ड्रायव्हर म्हणाला, "म्याडम, या रस्त्यानं
कायद्याइतकं वजन घेऊन मी पहिल्यांदाच चाललो."

दोन चाकांच्या फटीतून दांडीचं टोक सरकवायचं,
दुसऱ्या टोकाशी मी, गुडघे डांबरावर,
तळहाताएवढ्या तबकडीपुढे.
ट्रक पुढे जातो. पावणेतीन मीटरवर थांबतो, मग नऊ.
काटा थरथरतो, मागे फिरतो, फिरेनासा होतो.
दांडीचा हिशोब दोनास एक, म्हणून येईल त्याची दुप्पट.
ओझं वाहताना कसं वाटलं, हे रस्त्याला विचारत नाहीत.
ओझं उतरल्यावर किती वर आलास,
तेवढंच लिहून घेतात.

डांबरात बोटभर भोक, भोकात ग्लिसरीन,
त्यात तापमापक बुडवून हनीफच्या सावलीत उभं राहायचं.
नऊ वाजता त्रेचाळीस.
वहीत मात्र पस्तिसाचं करून घ्यायचं,
पुस्तकातलं ऊन सगळीकडे सारखंच असतं.
कडेची माती उकरून पिशवीत भरली.
फाल्गुनातली काळी माती, घणानं फुटावी अशी.
हिला आज विचारलं तर सांगेल, मी दगड आहे.
श्रावणात हिच्यात पाय घातला की चप्पल राहते आत.
म्हणून ओलाव्याचा गुणक लावायचा:
खोटं बोलणाऱ्या साक्षीदाराला
आधीच थोडं कमी धरायचं.

पुढे मैलकुली गुणवंत उईके,
चुन्याचं डबडं घेऊन खुणा करत.
पन्नास पावलांवर एक, डावीकडे, मग उजवीकडे.
निवृत्तीला चार महिने.
तेरा सहाशे पन्नासला न विचारता थांबला,
टाच आपटली, फुली मारली.
"इथं घ्या जी."
इथं खूण येत नव्हती. तरी घेतली.
मागे सगळीकडे सव्वा, दीड.
इथं दोन पूर्णांक शहाऐंशी.
"नाला होता थो. बुजवला तवा म्याच टोपल्या टाकल्या.
पाणी कोठं जाते? वाट त आठवतेच त्याले."

रात्री विश्रामगृहात पंख्याखाली आकडेमोड.
सरासरी, तिच्यात विचलन दोनदा मिळवायचं.
सगळे बरे असून चालत नाही,
जाडी ठरवतात ते वाईट.
आली एकशे पंधरा मिलिमीटर:
खाली पंचाहत्तर, वर चाळीस.
सहा बोटं.
पंधरा वर्षं ट्रक सोसेल इतकी.
मी पेन्सिलीनं त्याभोवती चौकोन काढला
आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

सकाळी टेंभुरदऱ्यात चहाला त्यानं घरी नेलं.
रस्त्यावरून दारात मी एक पायरी उतरले.
"सासऱ्यानं बांधलं तवा तीन चढून जावं लागे," उईके म्हणाला.
"पयला थर आला, एक गेली. मंग एक. मंग एक.
रस्ता मजबूत झाला, बरं झालं.
पाणी मातर आता इकडं पायते."
त्याची बायको, रेवंता, चौकटीला लावलेल्या फळीवरून
पाय उंच उचलून बाहेर आली, कपबशी हातात,
अजिबात न सांडता.

मी सहा बोटं मनात धरली फळीजवळ.
फळीच्या वर गेली.

गावठाण तीनशे दहा मीटर. आधी खरवडणे,
मग थर, पातळी आहे तीच.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं.
उपअभियंत्यांनी लाल पेननं प्रश्नचिन्ह केलंय,
बाजूला रक्कम, तिला तीनदा अधोरेखन.
मी पुन्हा लिहून पाठवलंय.

निघताना दांडी पेटीत भरत होतो.
उईके दारात उभा, हसत:
"हे काडी एकदा माह्या उंबरठ्यावर ठेवून पाहा ना म्याडमजी.
वर येते का जरासाक."
हनीफनं ट्रक चालू केला.
पेटीचं झाकण लागत नव्हतं.